कठडा

आमच्या चाळीतला एक मुलगा तिसऱ्या मजल्यावरून पडला, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. संक्रांत दोन दिवसांवर आली होती. भायखळ्याच्या त्या चाळीला लाकडी गॅलऱ्या होत्या आणि कठड्याचे गज वाळवीने आतून पोखरलेले. आमच्या दारासमोरचे दोन गज निखळले होते, ते कुणीतरी सुतळीने बांधून ठेवले होते. त्यावरच सगळ्यांची लुगडी, चादरी वाळत पडायची, म्हणून ती सुतळी कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. कटलेला पतंग धरायला तो पोटावर रेलला, सुतळी सुटली आणि वाळत घातलेल्या चादरीसकट तो खाली गेला. खाली गादीवाल्याने नव्याने भरलेल्या दोन गाद्या उन्हाला टाकल्या होत्या. तो त्यांच्यावर पडला. डावा हात मोडला, हनुवटीला टाके पडले, बाकी काही नाही.

त्या रविवारी चर्चच्या उपासनेत त्याचे वडील साक्ष द्यायला उभे राहिले. त्यांनी बायबलमधलं एक्याण्णवावं स्तोत्र उघडलं. परमेश्वर आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, तुझा पाय धोंड्यावर आपटू नये म्हणून ते तुला हातांवर झेलून धरतील, हे वाचताना त्यांचा आवाज फुटला. अख्खी मंडळी रडत होती. मी आईच्या पदराआडून बघत होते. ती साक्ष मला तेव्हा खरी वाटली आणि आज पन्नाशी ओलांडल्यावरही खरीच वाटते.

घरी येईपर्यंत माझी आजी काहीच बोलली नाही. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन ती मुंबईत आली होती. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, पण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तिला तोंडपाठ. जिना चढून वर आल्यावर ती त्या मोकळ्या पडलेल्या जागेपाशी थांबली. म्हणाली, “झेललं बाई देवानं, त्यात शंका न्हाई. पण पुढच्या खेपेला खाली गाद्या नसतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझी जुनी वही घेऊन खोलीखोली वर्गणी मागत फिरली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्यांकडे. बहुतेकांनी दिली. आमच्याच मंडळीतले एक काका मात्र म्हणाले, “आजी, आपल्या देवानं राखलंय की. आता कशाला?” आजी घरात गेली, शास्त्र घेऊन आली आणि त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय त्यांच्यापुढे धरला. तिथे लिहिलंय, तू नवं घर बांधशील तेव्हा त्याच्या धाब्याला कठडा कर; नाहीतर तिथून कोणी पडला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. काकांनी वर्गणी दिली. पंधरा दिवसांत गॅलरीला लोखंडी पाइप बसला.

या एका वचनावर मी कधी प्रवचन ऐकलेलं नाही. एक्याण्णवाव्या स्तोत्रावर शेकडो ऐकली. ते स्तोत्र आमच्या घराघरांत फ्रेम करून लावलेलं असतं, टॅक्सीच्या काचेवर असतं, आजाऱ्याच्या उशीखाली असतं. असावंच. माझ्याही पाकिटात आहे. पण ज्या देवाने दूत पाठवायचं वचन दिलं, त्याच देवाने कठडा बांधायची आज्ञाही दिली आहे, आणि त्यातलं वचन तेवढं आपण भिंतीवर टांगलं. आज्ञा पुस्तकातच राहिली. देवाच्या राखणेवरचा भरवसा आणि स्वतःच्या वाट्याचं काम टाळणं, यांची आपल्या मंडळ्यांत गल्लत झाली आहे, असं माझं मत आहे. आणि त्याचे भोग बहुतेक वेळा तिसऱ्याच कुणाच्या तरी वाट्याला येतात.

कठड्याच्या त्या नियमाकडे जरा नीट बघावं. घरमालकाला स्वतःच्या गच्चीच्या कडा माहीत असतात, तो अंधारातही पडत नाही. पडतो तो पाहुणा, मजूर, शेजारचं पोर. म्हणजे देवाने तिथे घरमालकाला स्वतःचा जीव सांभाळायला सांगितलेलंच नाही. त्याच्या छपरावर जो कोणी येईल त्याचा सांभाळायला सांगितलं आहे. त्या माणसाने प्रार्थना केली होती का, तो कुठल्या देवाला मानतो, याची चौकशी त्या वचनात नाही. “कोणी पडला तर” एवढंच.

आता दुसऱ्या एका छपराकडे येते. मत्तयाच्या आणि लूकच्या शुभवर्तमानात सैतान येशूला यरुशलेमात मंदिराच्या अगदी वरच्या टोकाला नेऊन उभा करतो आणि म्हणतो, देवाचा पुत्र असशील तर खाली उडी टाक. आणि पुरावा म्हणून कुठलं वचन काढतो? हेच. दूत तुला हातांवर झेलतील. मी संडे स्कूलमध्ये मुलांना हा भाग शिकवते तेव्हा प्रत्येक वर्षी कुणीतरी मूल विचारतंच, “टीचर, सैतानाला बायबल पाठ होतं?” होतं. पण त्याने वचन म्हणताना मधले दोन शब्द गाळले. स्तोत्रात आहे की दूत तुझ्या ‘सर्व मार्गांत’ तुझं रक्षण करतील. सैतानाच्या तोंडी ते मार्ग येत नाहीत. जुन्या भाष्यकारांनीही यावर बोट ठेवलं आहे: मार्ग म्हणजे चालण्याची वाट, आणि कड्यावरून उडी टाकणं ही काही वाट नव्हे. येशूने उत्तर दिलं तेही अनुवादातलंच: परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको.

भरवसा आणि परीक्षा या दोन शब्दांत जो फरक आहे, तोच मला इथे मांडायचा आहे. भरवसा ठेवणारा आपल्या वाटेने चालतो आणि वाटेत धोका आला तर देवाचा हात धरतो. परीक्षा पाहणारा स्वतःहून धोक्यात उभा राहतो, किंवा दुसऱ्याला उभा करतो, आणि देवाला म्हणतो, आता दाखव.

मुंबईने हा फरक एकदा फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत गाठीच्या तापाने माणसं पटापट मरू लागली. हा प्लेग आहे हे ओळखलं आणि उघड सांगितलं ते डॉ. अकॅसिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी. गोव्याकडचे कॅथलिक गृहस्थ, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. प्लेगचं नाव घेतलं की व्यापार बसणार, बंदर बंद पडणार, त्यामुळे ते नाव कुणालाच नको होतं. व्हिएगस गप्प बसले नाहीत. वस्त्या साफ करा, उंदीर मारा, असा त्यांनी धोशा लावला. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. त्या कोपऱ्यावरून रोज हजारो लोक जातात, मीही कितीतरी वर्षं नाव न वाचता गेले.

त्याच दिवसांत ख्रिस्ती वस्त्यांत क्रूस उभे राहिले. गिरगाव, माझगाव, वांद्रे इथल्या गल्ल्यांत, गावठाणांत आजही ते दिसतात. कित्येकांच्या पायथ्याशी त्या वर्षांचे आकडे कोरलेले आहेत. संध्याकाळी दिवा लावून लोक त्याभोवती रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत. त्या क्रुसांना अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्या गल्लीतून रोज एक शवपेटी निघत होती, त्या गल्लीतल्या माणसांनी रात्री एकत्र यायला, एकमेकांची तोंडं बघायला, मेलेल्यांची नावं घ्यायला एक जागा केली होती. पण तेवढ्यावर थांबलेल्यांचं शहर वाचलं नसतं. भायखळ्यालाच, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. कठड्याचा नियम ज्या लोकांच्या शास्त्रात पहिल्यांदा लिहिला गेला, त्या यहुदी समाजात जन्मलेला हा माणूस होता, हे मला नेहमी आठवतं. पुढे १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, दाटीवाटीच्या वस्त्यांतून रुंद रस्ते निघाले, हवा-उजेड येईल अशा चाळी बांधायला घेतल्या गेल्या. आपण ज्यांना अजून बीआयटी चाळी म्हणतो त्या प्लेगच्या पोटातून आल्या आहेत.

क्रुसासमोरची संध्याकाळची रोजरी आणि व्हिएगसांचा उंदरांवरचा धोशा, या दोन गोष्टी मला एकाच भरवशाच्या वाटतात. त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करणाऱ्यांनी प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या मार्टिन लूथरचं १५२७ सालचं पत्र वाचावं. विटेनबर्गात प्लेग आला होता, विद्यापीठ दुसऱ्या गावी हललं होतं, आणि जीवघेण्या साथीतून ख्रिस्ती माणसाने पळावं का, असा प्रश्न त्याला विचारला गेला होता. त्याचं उत्तर थोडक्यात असं: मी देवाकडे राखण मागेन, मग घरात धुरी देईन, औषध देईन आणि घेईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, कारण माझ्या हलगर्जीपणाने दुसऱ्याचा जीव जायला नको. पण शेजाऱ्याला माझी गरज पडली तर मी मागे हटणार नाही. औषध न घेता देव बघून घेईल म्हणणाऱ्यांना तो स्पष्ट सांगतो की ही देवाची परीक्षा पाहणं आहे. आणि हे लिहिणारा माणूस स्वतः गावात राहिला, बायको गरोदर असताना राहिला, घरात आजारी माणसं घेऊन राहिला. लूथरला मानणारे आम्ही, आणि आमच्याच काही व्यासपीठांवरून पाचशे वर्षांनी उलटं बोललं जातं.

ते उलटं बोलणं म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्या ओळखीतल्या एका बाईला क्षयरोग झाला होता. औषधाचे सहा महिने. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं. त्याच सुमारास ती एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेला गेली, तिच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि तिला सांगितलं गेलं की तू बरी झालीस, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. तिने गोळ्यांचं पाकीट स्टेजवर नेऊन ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सात-आठ महिन्यांनी रोग परत आला तो नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा. अर्ध्यात औषध सोडलं की असंच होतं, हे मुंबईतल्या कुठल्याही छातीच्या दवाखान्यातली नर्स सांगेल. आणि दहा बाय बाराच्या खोलीत तिच्यासोबत चार माणसं झोपत होती, त्यातलं एक सहा वर्षांचं पोर. ती स्वतःचा विश्वास पणाला लावत आहे असं तिला वाटलं; प्रत्यक्षात त्या पोराच्या बाजूचा कठडा काढला गेला होता. ज्यांनी तिला ते सांगितलं ते पुढच्या शहरात गेले. पोराच्या छातीचा फोटो काढायला रांगेत मी उभी होते.

प्रार्थनेने माणूस बरा होत नाही असं मी म्हणत नाही. होतो, मी पाहिलं आहे. पण पवित्र शास्त्रात चंगाई कशी येते तेही बघा. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, पंधरा वर्षं आयुष्य वाढवून दिलं. एवढं नक्की वचन मिळाल्यावर यशया संदेष्टा काय सांगतो? अंजिरांचा लेप करून गळवावर लावा. प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याच्या पोटदुखीवर उपाय सुचवला तो थोडा द्राक्षारस घेण्याचा. आणि ज्याचं शुभवर्तमान आपण नाताळात वाचतो तो लूक वैद्य होता. पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, वैद्यकी सोडून दे म्हणत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती मी पाळकांकडे, फादरांकडे, सभा भरवणाऱ्या सगळ्यांकडे करते. ज्या ज्या ठिकाणी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, तिथे प्रार्थना संपताच माइकवरून एक वाक्य म्हटलं जावं: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणीही औषध बंद करू नये. मराठीत, हिंदीत, जी भाषा लोकांना समजते त्या भाषेत. एवढ्याने कुणाच्या विश्वासाला धक्का लागत असेल, तर त्या विश्वासाला दुसरंच काही नाव द्यावं लागेल. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे; साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. आपल्यातले काहीजण त्या कायद्याकडे धर्मावरचं संकट म्हणून बघतात. मला वाटतं, हे आपणच आपल्या व्यासपीठावरून आधी सांगायला हवं होतं. पोलिसाने येऊन सांगावं अशी ही गोष्ट नाही.

यातूनच आणखी एक क्रूरपणा जन्माला येतो. राखण म्हणजे इजा न होणं, असं एकदा मानलं की ज्याला इजा झाली त्याचाच विश्वास कमी पडला असणार, हे ओघाने आलं. तोंडावर कुणी म्हणत नाही. पण अंत्यविधीहून परतताना, जिन्यात, ‘प्रार्थनेला नियमित येत नव्हते हो’ असं कुजबुजलेलं मी ऐकलं आहे. २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे डॉकयार्ड रोडला पालिका कर्मचाऱ्यांची पाच मजली इमारत कोसळली आणि ६१ माणसं गेली. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात हुसैनी इमारत पडली, ३३ गेली. आमच्या चाळीपासून दोन्ही ठिकाणं चालत जाण्याच्या अंतरावर. त्या घरांतही देव्हारे होते, जानमाज होत्या, प्रार्थना होत्या. येशूला अगदी असाच प्रश्न पडलेले लोक भेटले होते. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, आणि येशूने विचारलं, ती अठरा माणसं यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होती असं तुम्हांला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. मेलेल्यांचा हिशेब मांडणाऱ्यांना त्याने त्यांच्या स्वतःच्या आयुष्याकडे वळायला सांगितलं. बुरूज पडला की आपल्याला पश्चात्ताप करायला भरपूर जागा असते: तडे कुणी पाहिले, कुणी पाहून चुन्याने बुजवले, टेकू लावून किती वर्षं काढली.

गप्प बसणं हीही श्रद्धा नव्हे. पंडिता रमाबाईंइतका देवावर भार टाकलेला माणूस महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या, केडगावात शेकडो तोंडं पोसली, आणि उद्याच्या धान्यासाठी आज गुडघे टेकले. पण १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या व्यवस्थेत बायकांचे जे हाल होत होते ते पाहून याच रमाबाईंनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जळजळीत पत्र लिहिलं. राज्य करणारे त्यांच्याच धर्माचे होते. देवाने राखावं असं म्हणणाऱ्या बाईने सरकारला विचारलं, तुमच्या ताब्यात दिलेल्या मुलीला तुम्ही राखलं का?

आता एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. माझ्या देव न मानणाऱ्या मैत्रिणी विचारतात: कठडा तुम्हीच बांधायचा, औषध तुम्हीच घ्यायचं, इमारतीचं ऑडिट तुम्हीच करायचं, मग देव काय राखतो?

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे मामा गेले. दुसऱ्या लाटेत. मास्क लावत होते, घराबाहेर पडत नव्हते, लशीचा एक डोस झाला होता. एक्याण्णवावं स्तोत्र त्यांना पाठ होतं आणि श्वास पुरेनासा झाल्यावरही ते ओठ हलवून म्हणत होते. त्यात सातवी ओवी येते: तुझ्या बाजूस सहस्र पडले, तुझ्या उजव्या हातास दहा सहस्र पडले, तरी ते तुला भिडणार नाही. मामा गेल्यावर कितीतरी महिने ती ओवी मला वाचता आली नाही. आमचा माणूस त्या सहस्रांतला होता. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आजवर मी ती ओवी वाचताना पडलेल्या सहस्रांकडे कधी पाहिलंच नव्हतं. ते कुणाचे तरी मामा होतेच.

मग मी स्तोत्र शेवटपर्यंत वाचलं. पंधराव्या ओवीत देव स्वतः बोलतो: तो मला हाक मारील, मी त्याचं ऐकेन, संकटात मी त्याच्याजवळ राहीन. संकटात. म्हणजे ज्या स्तोत्रात सगळं टळणार आहे असं आपण समजतो, त्याच स्तोत्राच्या शेवटी देव माणसाला संकटाच्या आत भेटतो. तेविसाव्या स्तोत्रातला मेंढपाळही मृत्युच्छायेची दरी बुजवत नाही. तो दरीत सोबत चालतो. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे तिघे, मूर्तीला नमले नाहीत म्हणून भट्टीत टाकायला निघालेल्या राजाला म्हणाले, आमचा देव आम्हांला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. पण त्याने नाही सोडवलं, तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. त्या ‘पण नाही सोडवलं तरी’मध्ये जो भरवसा आहे, तो कुठल्याही सुटकेच्या साक्षीपेक्षा मला मोठा वाटतो. इब्री लोकांच्या पत्रातल्या अकराव्या अध्यायात विश्वासाने तलवारीच्या धारेतून निसटलेले आणि विश्वासानेच करवतीने चिरले गेलेले, दोघांची नोंद एकाच यादीत आहे.

मैत्रिणींना मी माझ्या मावसबहिणीबद्दल सांगते. ती नर्स आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, लोकल बंद असताना, ती पहाटे बेस्टच्या बसने कामावर जायची. बसमध्ये मोबाइलवर स्तोत्र वाचायची आणि उतरल्यावर पीपीई किट चढवून आठ तास पाण्याच्या घोटाशिवाय काढायची. मी तिला विचारलं, काही होणार नाही अशी खात्री वाटते म्हणून वाचतेस का? ती म्हणाली, “नाही गं. सुई टोचताना हात थरथरू नये म्हणून वाचते.” तिच्या वॉर्डात एक म्हातारे होते, घरचं कुणी आत येऊ शकत नव्हतं. शेवटच्या रात्री तिने दोन हातमोज्यांतून त्यांचा हात धरून ठेवला. त्यांच्या बाजूने बघितलं तर देवाने पाठवलेले दूत ते हेच, रबरी हातमोजे घातलेले.

माझं उत्तर एवढंच आहे. स्वतःच्या जिवाची भीती ज्याच्या छातीवर बसलेली असते, त्याला शेजारचा दिसत नाही. देव ती भीती उतरवतो. भीती उतरलेला माणूस मग कठडा बांधू शकतो, प्लेगचं नाव उघड घेऊ शकतो, परक्याचा हात धरू शकतो.

मढ-मनोरीच्या कोळ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळी बंदी संपून होड्या समुद्रात लोटायच्या आधी तिथल्या ख्रिस्ती कोळीवाड्यांत फादर येऊन होड्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात. म्हणून कुणी नांगर किनाऱ्यावर ठेवून निघत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत सत्ताविसाव्या अध्यायात पौलाचं गलबत वादळात सापडतं. देवदूताने त्याला आधीच सांगितलेलं असतं की गलबतावरच्या कुणाच्याही जिवाला धोका नाही. आत २७६ माणसं. आणि तरी, खलाशी गुपचूप होडी घेऊन पळायला बघतात तेव्हा पौल शिपायांना सांगतो, हे गलबतात राहिले नाहीत तर तुमचा बचाव व्हायचा नाही. वचन मिळालेलं आहे, म्हणून खलाशांची गरज संपली असं तो म्हणत नाही. त्याच रात्री खडकांच्या भीतीने त्यांनी गलबताच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि दिवस उजाडायची प्रार्थना करत बसले. चार नांगर आणि प्रार्थना, एकाच ओवीत.

हे सगळं मी आत्ता लिहिते आहे त्याला कारण आहे. आमच्या मंडळीच्या इमारतीत आत वर एक गॅलरी आहे. संडे स्कूलची मुलं तिथे बसतात. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, ते आम्ही उशिरा का होईना करून घेतलं. गॅलरीखालच्या तुळईच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत आणि लोखंडी कठडा पायाशी गंजून सुटला आहे, असं अहवालात फोटोंसह आलं. खर्चाचा आकडा मोठा आहे. याच वर्षी मंडळीचा वर्धापनदिन थाटात करायचा ठरलं होतं, त्यासाठी जमा झालेले पैसे आहेत. मागच्या बैठकीत एक वडीलधारे उठून म्हणाले, इतकी वर्षं देवाने या इमारतीला राखलं, पुढेही राखील. त्यांच्याविषयी मला आदर आहे. माझं लग्न झालं तेव्हा साक्षीदार म्हणून त्यांचीच सही होती. मी शास्त्र उघडलं आणि आजीसारखाच अनुवादाचा बाविसावा अध्याय वाचला. वाचताना माझा हात थरथरत होता. कुणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

ती बैठक येत्या रविवारी उपासनेनंतर आहे. तोपर्यंत आम्ही टीचरांनी गॅलरीच्या दाराला कुलूप घातलं आहे. मुलं खाली, पुढच्या दोन बाकांवर दाटीवाटीने बसतात.